इंजिन बदललेली गाडी

वस्तू विकत घेताना आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा आहे, तत्त्वचिंतनाचा नाही. धान्य घेताना धान्य, कापड घेताना कापड. परंतु जिचे बहिरंग एका ठिकाणचे आणि अंतरंग दुसऱ्या ठिकाणचे आहे, जिचे काम अर्ध्यावर सोडून दिलेले आहे, आणि जिच्या कागदावर जे लिहिले आहे ते आता तिच्या पोटात उरलेले नाही, अशी वस्तू समोर आली म्हणजे हाच प्रश्न दुकानातून उठून घरात येऊन बसतो. गेले दोन महिने आमच्या कुटुंबात तो असा ठाण मांडून बसला आहे, आणि त्याला निमित्त झाली आहे एक जुनी कॉन्टेसा मोटार.

माझा पुतण्या खाणीत नोकरीला आहे. वय सत्तावीस. पाच वर्षांच्या पगारातून त्याने चार लाख रुपये बाजूला ठेवले आहेत, आणि नागपुरातील एका गृहस्थाकडे असलेली ही गाडी त्याला पावणेचार लाखांना घ्यावयाची आहे. गाडी १९९४ सालची. मूळचे इसुझू इंजिन झिजून गेले म्हणून त्या गृहस्थाने ते उतरविले, आणि अपघातात निकामी झालेल्या एका जपानी बनावटीच्या गाडीतून काढलेले दोन लिटरचे पेट्रोल इंजिन त्या जागी बसविले. इंजिन सुरू होते. गाडी गॅरेजच्या आवारात पुढे-मागे होते. यापलीकडे काम गेलेले नाही. वायरिंग उघडे आहे, रेडिएटर तात्पुरता अडकविलेला आहे, ब्रेक जुनेच आहेत, डॅशबोर्ड काढून ठेवला आहे आणि बैठका पोत्यात बांधल्या आहेत. अशा गाडीला हल्लीची मुले 'प्रोजेक्ट' म्हणतात. आमच्या लहानपणी तिला 'उघडलेली गाडी' म्हणत, आणि उघडलेली गाडी सहसा कोणी विकत घेत नसे.

काटेकोरपणे बोलायचे तर कॉन्टेसा ही स्पोर्ट्स कार नव्हे. केवळ वेगाच्या आनंदासाठी केलेली दोन आसनांची गाडी आपल्या देशात क्वचितच झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघालेली, फायबरच्या अंगाची आणि रेनॉ कंपनीचे इंजिन घेतलेली सॅन स्टॉर्म हे त्यातले एक नाव, आणि तीही फार थोड्यांनी पाहिली. त्यामुळे ज्यांना तसल्या गाडीची ओढ आहे ते कॉन्टेसाकडे वळतात. लांब नाक, रुंद बैठक, मागच्या चाकांना मिळणारी ताकद, आणि बॉनेटखाली भरपूर मोकळी जागा. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसत असल्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससकट तेथे बसविणे मिस्त्रीला त्या मानाने सोपे जाते. हल्लीच्या बहुतेक मोटारींत इंजिन आडवे असते आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. तेथे हा उद्योग करावयाचा म्हणजे डोकेदुखीच.

या गाडीचा इतिहास मात्र मौजेचा आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचाही. ब्रिटनमधील वॉक्सहॉल कंपनीच्या १९७० च्या दशकातील गाडीचा साचा घेऊन हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. अंग वॉक्सहॉलचे, पण आत घातले ते अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे जुने इंजिन, ज्याची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. सुमारे बाराशे किलोच्या गाडीला ते पुरेना. चढावर ती धापा टाकी. बैलाच्या अंगात शेळीचे काळीज, असे तेव्हा आमचे एक शेजारी म्हणत. पुढे कंपनीनेच जपानच्या इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरांची पेटी बसवून ती दुरुस्ती केली, आणि मग गाडीचे नाव झाले. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे ज्या इंजिनाला आज आपण 'मूळचे' म्हणतो तेही दुसरे इंजिन. आणि पहिले जे होते ते तर तिसऱ्याच गाडीचे होते.

आपल्या भागातल्या जुन्या लोकांनी हेच जीपच्या बाबतीत पाहिले आहे. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप या देशात जोडायला सुरुवात केली. बैहरच्या जंगलात, भरवेलीच्या खाणीवर, लांजीकडच्या कच्च्या रस्त्यांवर ज्या पेट्रोल जीपा धावल्या त्या याच वंशातल्या. पेट्रोल महाग होत गेले तसतशी लोकांनी त्यांत डिझेल इंजिने बसविली, कोणी ट्रॅक्टरचे, कोणी मॅटॅडोरचे. आणि हे केवळ खेड्यातल्या मिस्त्रीचे धाडस नव्हते. १९८० च्या दशकात महिंद्रांनी स्वतः त्याच अमेरिकन वळणाच्या अंगात फ्रेंच प्यूजो कंपनीचे डिझेल इंजिन घालून एम. एम. ५४० ही जीप काढली. कारखान्याने केले की नवे मॉडेल, मिस्त्रीने केले की लबाडी! हा भेद निव्वळ अन्यायाचा आहे असे पुतण्याचे म्हणणे. मला तो तसा वाटत नाही. पण त्याचे कारण सांगण्यापूर्वी त्याच्या आवडत्या दुसऱ्या युक्तिवादाकडे वळले पाहिजे.

तो विचारतो, "काका, इंजिन बदलले म्हणून गाडी दुसरी झाली का?"

प्रश्न जुना आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली ग्रंथात आहे. नागसेनाने राजाला विचारले की, आपण रथातून आलात असे म्हणता, तर तो रथ दाखवा. दांडा म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके? जू? एकेक भाग वेगळा केला तर रथ कोठेच सापडत नाही. आणि त्या सर्वांवाचून वेगळा असा रथही नाही. रथ हे केवळ व्यवहारातले नाव. ग्रीकांकडे प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची कथा नोंदविली: कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि शेवटी सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच का? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ च्या आपल्या ग्रंथात या कथेला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मग खरे जहाज कोणते? हॉब्जचा हा पीळ लक्षात ठेवावा, कारण नागपुरातल्या त्या गॅरेजच्या कोपऱ्यात जुने इसुझू इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवलेले आहे.

बालाघाटकरांना एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपली छोटी लाइन आठवा. सातपुडा एक्सप्रेस जबलपूरहून नैनपूरमार्गे येई. वाफेच्या इंजिनाचे दिवस संपले, डिझेलचे आले, डबे बदलले, आणि शेवटी छोटा मार्गच उखडून रुंद मार्ग झाला. इंजिन बदलले म्हणून गाडीला नवे नाव द्यावे असे स्टेशनवर कोणाच्या मनात आले नाही. आगगाडीच्या बाबतीत इंजिन म्हणजे गाडी नव्हेच. माणसाच्या बाबतीतही तसेच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये या देशातले पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. परंतु नंतरच्या काळात जे जगले, त्यांच्यापैकी कोणाच्या पत्नीने 'हे माझे यजमान नव्हेत' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

थोडे विषयांतर. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपल्या जिल्ह्याचे कागद नागपूरला जात, त्यानंतर ते भोपाळला जाऊ लागले. वैनगंगा तीच, घरे तीच, देवघरातले टाक तेच. शाळेतले आणि कचेरीतले इंजिन मात्र बदलले. आपल्यापैकी ज्यांची मुले घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलतात, त्यांना कोणी 'तुम्ही मूळचे उरला नाहीत' असे म्हटले तर काय उत्तर द्यावे, हे आपण गेली सत्तर वर्षे शोधतच आहोत. तेव्हा मूळपणाच्या नावाखाली कोणाला, अगदी मोटारीलाही, नाकारण्याची घाई आपण तरी करू नये.

पुतण्याचा युक्तिवाद इथवर मला मान्य आहे. गाडी तीच आहे, असे म्हणता येते. पण त्यातून त्याला हवे ते निघत नाही. नागसेनाचे म्हणणे नीट पाहिले तर ते उलट दिशेने नेते. रथ हे व्यवहाराने ठरविलेले नाव असेल, तर त्या नावाचा अर्थ एकट्या मालकाच्या हाती राहत नाही. ज्यांच्यात तो व्यवहार चालतो त्या सर्वांचा त्यावर हक्क असतो. आगगाडीचे इंजिन बदलते तेव्हा त्याची नोंद होते. हृदय बदलते तेव्हा ते कोणाचे होते, त्याच्या आप्तांनी संमती दिली होती काय, हे १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यान्वये लिहून ठेवावे लागते. महिंद्रांनी प्यूजोचे इंजिन घातले तेव्हा ते उघडपणे घातले, नव्या नावाने विकले, आणि त्यात काही बिघडले तर जबाब द्यायला कंपनी उभी होती. कारखाना आणि मिस्त्री यांच्यातला फरक कसबाचा नाही. माझ्या पाहण्यातले काही मिस्त्री कारखान्यातल्या अभियंत्यांना शिकवतील इतके तरबेज आहेत. फरक आहे तो जबाबदारीचा. तिकडे कोणीतरी सही केलेली असते.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम २००० सालच्या दुरुस्तीनंतर असे म्हणते की, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. सी. एन. जी. किंवा बॅटरीसारख्या दुसऱ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठी करावयाच्या बदलाला त्यात वाट ठेवली आहे. एका पेट्रोल इंजिनाच्या जागी भलत्याच बनावटीचे, अधिक ताकदीचे पेट्रोल इंजिन घालण्याला ती वाट उपयोगी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. शिवाय २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम झाले. त्यांत अट अशी की चेसिस, अंग आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशीला पोचतील. ही गाडी तिची पाळी येईल तेव्हा, आहे त्या स्थितीत, त्या पंगतीत बसू शकणार नाही.

कायदा कडक आहे म्हणून तो न्याय्य आहेच, असे मी म्हणत नाही. परदेशांत काही ठिकाणी अशा बदललेल्या गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी करवून तिला रीतसर मान्यता मिळू शकते. आपल्याकडे तशी सोय असती तर पुतण्याचा निम्मा प्रश्न सुटला असता, आणि कसबी मिस्त्र्यांना चोरट्यासारखे काम करावे लागले नसते. परंतु सोय नाही म्हणून धोका नाही, असे होत नाही. ताकद वाढविणाऱ्याने थांबण्याची शक्तीही वाढविली पाहिजे, हा साधा हिशेब आहे. गाडीच्या अंगातली गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ऐंशी किलोमीटरऐवजी एकशेवीसने जाणारी तीच गाडी थांबविण्यासाठी ब्रेकांना सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. गोंदिया रस्त्यावर शाळा सुटण्याच्या वेळी सायकलवरून जाणाऱ्या मुलीला या वर्गाच्या नियमाची काही कल्पना नसते, आणि गाडीत इंजिन कोणते हे तिला कोणी विचारलेले नसते. या व्यवहारात दोनच पक्ष आहेत असे जे आपण धरून चालतो ते मुळातच चूक आहे. तिसरा पक्ष रस्त्यावर आहे.

विकणाऱ्याने किती सांगावे, हाही प्रश्न जुनाच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की एका वस्तूत दुसरी मिसळून, निकृष्ट वस्तू, कमी मापाची वस्तू, किंवा दूर ठेवलेली अथवा झाकलेली वस्तू विकू नये; आणि घेतल्या-दिल्याचा पस्तावा झाला तर दहा दिवसांत व्यवहार फिरविता यावा. कौटिल्याने ही मुदत माणसाच्या धंद्याप्रमाणे ठरविली: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. ज्याला वस्तूची पारख अधिक, त्याला पस्तावण्याची मुदत कमी. रोमन सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात एक घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. घर रोगट आहे, लाकूड किडके आहे, आणि हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. डायोजिनीस नावाचा स्टोइक पंडित म्हणतो, कायद्याने विचारले तेवढे सांगावे. आपल्याच मालाची दवंडी 'रोगट घर विकणे आहे' अशी कोण पिटवील? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, न सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे. किंबहुना त्याहूनही वाईट, कारण येथे आपण त्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेवर पाठवितो. सिसेरोने शिष्याची बाजू घेतली.

नागपूरच्या गृहस्थांविषयी निष्पक्षपणे सांगितले पाहिजे: त्यांनी लपविलेले काही नाही. इंजिन कोठून आणले, काय राहिले आहे, रेडिएटर तापतो, सारे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. अँटिपेटरच्या कसोटीला ते उतरतात. पण जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. गाडी महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात आणायची म्हणजे तेथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, आणि येथे एम. पी. ५० मध्ये नव्याने नोंदणी हवी. दोन्हीकडे इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक पाहिला जातो. तेव्हा ते म्हणाले, "नंबरची काळजी करू नका. जुन्या इंजिनाचा नंबर नव्यावर पाडून देणारा माणूस आहे. दोन हजारांत काम होते. सगळेच करतात."

माझ्या भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, यात विशेष काही वाटले नाही. इतकी वर्षे जिल्ह्यात जीपा अशाच चालल्या, असे ते म्हणतात. आणि ते खरेही आहे. पण मला येथे रेषा ओढावीशी वाटते. इंजिन बदलणे हा वस्तूतला बदल आहे. क्रमांक पाडणे हा शब्दातला बदल आहे. पहिल्याने गाडी वेगळी होते, दुसऱ्याने माणूस खोटा बोलतो. आणि तो एकदा बोलून थांबत नाही, कारण लोखंडावर पाडलेला तो आकडा पुढच्या प्रत्येक घेणाऱ्याशी, प्रत्येक विमा कंपनीशी, अपघात झालाच तर न्यायालयाशी तेच खोटे बोलत राहतो. मालक मेल्यावरही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत स्पोर्ट्स गाड्यांचे जे प्रकरण गाजले, त्यात आरोप होता तो एकाच क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांच्या नोंदी झाल्याचा. आरोपाचे पुढे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. परंतु आकडा आणि वस्तू यांची फारकत झाली की कोणती गाडी कोणाची, तिच्यावर कर्ज कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही, एवढे त्यातून दिसले. आणि दुसरी बाजू अशी की त्या नव्या इंजिनालाही स्वतःचा एक क्रमांक आहे. तो घासून टाकला तर ज्या गाडीतून ते आले तिचा शेवटचा पुरावा जाईल. ती खरोखर अपघातात मोडली होती, की कोणाच्या दारातून रात्री नाहीशी झाली होती? मोडीत काढलेल्या गाडीची नोंदणी रद्द करवून घेतल्याचा कागद त्या गृहस्थांना मिळाला होता का, हे मी पुतण्याला विचारायला सांगितले आहे.

किमतीचा प्रश्न त्या मानाने सोपा असावा, पण तोही नाही. गृहस्थांचे या गाडीत सात लाखांवर गेले आहेत. त्यांच्या घरी आजारपण निघाले, म्हणून ते मागे हटले. पुतण्याचे मित्र म्हणतात, माणूस अडलेला आहे, अडीच लाखांपर्यंत ओढा. बाजाराच्या दृष्टीने त्यांचे चूक नाही. अर्धवट वस्तूला अर्धवटच किंमत येते, कारण उरलेल्या कामाला किती लागतील हे कोणीच सांगू शकत नाही, आणि माझा अंदाज असा आहे की आतापर्यंत लागले त्याहून ते कमी नसतील. तरीही दुसऱ्याच्या अडचणीत आपला नफा मोजताना हात थोडा जड व्हावा. अर्धवट टाकलेले काम विकणारा माणूस लोखंडाबरोबर आपली काही वर्षे विकत असतो. ती वर्षे घेणाऱ्याला मिळत नाहीत, देणाऱ्याला परत येत नाहीत. जुन्या घराचे तुळईपर्यंत आलेले बांधकाम ज्यांनी विकत घेतले आहे त्यांना हे ठाऊक असेल: पहिल्या माणसाने ठरविलेल्या खिडक्या आपल्याला आयुष्यभर उघडाव्या लागतात.

वहिनींचा आक्षेप निराळा आहे. त्या म्हणतात, चार लाखांत या घरात तीन कामे होतील, आणि आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यात पहिली. यावर पुतण्याने दिलेले उत्तर मला आवडले. शस्त्रक्रियेचे पैसे त्याने आधीच वेगळे ठेवले आहेत, ही गाडी त्यापलीकडच्या पैशांतून; आणि तो म्हणाला की आमच्या घरात आजवर कोणी निव्वळ आवड म्हणून काही केलेलेच नाही. आजोबांनी पेटी वाजविणे सोडले, वडिलांनी क्रिकेट सोडले, सगळ्यांनी नोकऱ्या केल्या. पुरुषार्थ चार सांगितले आहेत आणि त्यांत काम हाही एक आहे, हे आपण पोरांना शिकवितो खरे, पण तो शिकवून झाल्यावर पुस्तक मिटून ठेवतो. दुपारभर स्वतःच्या हातांनी वायरिंग जोडीत बसणारा मुलगा उधळ्या नव्हे. त्या गाडीपायी तो बिघडेल ही भीती मला नाही. तो खोटे बोलायला शिकेल ही आहे, आणि ती दोन हजार रुपयांत.

तेव्हा माझे मत मी त्याला असे कळविले. नव्या इंजिनावर क्रमांक पाडून ही गाडी घ्यावयाची असेल तर घेऊ नये. फुकट मिळाली तरी घेऊ नये. क्रमांक न पाडता घ्यावयाची असेल तर ती रस्त्यावर आणता येणार नाही, घराच्या आवारात उभी राहील, आणि तशी ठेवण्यात मला काही अनैतिक दिसत नाही. पावणेचार लाखांचा तो एक महागडा छंद होईल इतकेच. तिसरी वाट आहे ती हॉब्जची. गोणपाटातले इसुझू इंजिन गाडीबरोबर मागून घ्यावे. त्याचा क्रमांक प्रमाणपत्रावर आहे तोच आहे. ते झिजले आहे. पण झिजलेले इंजिन पुन्हा बोअर करता येते, क्रँक घासता येतो, पिस्टन-रिंगा नव्या घालता येतात. नागपुरात हे काम करणारे वर्कशॉप अजून आहेत. ताकद ऐंशी-पंचाऐंशी अश्वशक्तीचीच राहील. दोन लिटरच्या इंजिनाची गुरगुर त्यात नसेल, आणि ज्या ओढीने तो या गाडीकडे गेला तिचा मोठा भाग या तिसऱ्या वाटेवर सोडून द्यावा लागेल. जपानी इंजिन, त्याचे कागद नीट असतील तर, परत विकता येईल.

हे ऐकून तो दोन दिवस बोलला नाही. मग त्याने नागपूरला फोन करून विचारले. गृहस्थ म्हणाले, जुने इंजिन द्यायला हरकत नाही, त्याचे वेगळे पैसेही नकोत. मोडीत काढलेल्या गाडीचा कागद मात्र शोधावा लागेल. पुतण्याने बोअरिंगचा आणि क्रँकचा भाव काढला आहे, सुट्या भागांची यादी केली आहे, आणि ब्रेकांचा खर्च त्यात प्रथमच धरला आहे. बेरीज त्याच्या चार लाखांच्या बरीच वर जाते. जुने इंजिन आणायला वेगळा टेम्पो लागेल. त्याचे भाडे कोणी द्यायचे, यावर सध्या बोलणी अडली आहेत.